दुपटीचं झाड

कॉलेजातल्या अम्पायच्या पत्राला थावोन मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन तीन उन्हाळे लोटले होते. त्यातलं शेवटचं वाक्य त्यांना पाठ होतं : 'पराग पोस्टाने पाठवा, नाहीतर स्वतः घेऊन या.'

परसात फणसाच्या खोडाला बांधलेल्या ऑर्किडला यंदा एकच घोस आला होता. फिक्या पाकळ्या, पिवळाधमक ओठ. एप्रिलच्या उन्हात आजूबाजूच्या ऑर्किडांनी माना टाकल्या होत्या. हे मात्र ताठ उभं होतं. पानं जाड, काळपट हिरवी, चामड्यासारखी. मास्तरांनी बुंध्याशी बोटं फिरवून पाहिली. नवा कोंब कुठेच नव्हता. जुन्या कांड्या पोकळ लागत होत्या. हा घोस शेवटचाच, हे त्यांना कळलं.

"मास्तर, तो घोस द्या की. उद्या सोंगक्रान, नवं वर्ष लागतंय. केसांत माळते."

कुंपणापलीकडे बुआलायबाई केळीच्या पानात सणाचे पुडे बांधत बसल्या होत्या. हात नारळाच्या सारणाने चिकट झाले होते.

"हा नको, बाई. दुसरा कुठलाही घ्या."

"दरवर्षी हेच. त्याच्यावर माशीसुद्धा बसत नाही."

"माशी बसते. उपयोग होत नाही."

"का हो?"

मास्तर घुटमळले. "इवलासा कोंब होता तेव्हा औषधात भिजवला होता. इतरांच्या पेशीत जेवढी गुणसूत्रं असतात, त्याच्या दुप्पट याच्या पेशीत आहेत."

"मग पोरंही दुप्पट हवीत."

"साध्या झाडाचा पराग लावला की रोपं येतात. पण ती मधलीच कुठली तरी. वाढतात, फुलतात, पुढे काही नाही. स्वतःचा पराग तर हे घेतच नाही. याला दुसरं असंच दुप्पट झालेलं लागतं."

"म्हणजे अंगाने धडधाकट आणि बिनलग्नाचं," बाई म्हणाल्या. "मालकावर गेलंय."

हसायचं मास्तरांना जरा उशिरा सुचलं. तोवर बाई पुन्हा पुड्याकडे वळल्या होत्या.

"आणि दुसरं कुठे आहे का असं?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"लोय प्रांतात. आमच्या कॉलेजात एक बाई होत्या, त्यांच्याकडे. त्यांना डोंगरावर सापडलं. आपोआप दुप्पट झालेलं."

"आणि तुम्ही इथे बसलात?"

मास्तर पुन्हा बुंध्याशी वाकले. अम्पायने लिहिलं होतं : 'डोंगरावर अशी झाडं अधूनमधून निपजतात आणि एकटीच मरतात. क्वचित दोन जवळजवळ उगवतात. मग तिथून एक नवी जात सुरू होते.' पत्र आलं त्याच दिवशी पराग काढायला हवा होता. पण त्यांना आधी गुणसूत्रं पुन्हा एकदा मोजायची होती. सूक्ष्मदर्शकाखाली ती एकमेकांवर चढून बसायची. दर मोजणीला आकडा वेगळा यायचा. खात्री झाली की लिहू, असं म्हणता म्हणता लिहायचीच लाज वाटू लागली.

"माझं खरोखर दुप्पट आहे का, याचीच खात्री नाही," ते म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा. पोस्ट आज दुपारी बंद होतंय. मग सण संपेपर्यंत कुलूप."

मास्तर आत गेले आणि दात कोरायची काडी आणि चौकोनी कागद घेऊन आले. पराग काढला की फूल मिटायला लागतं. वर्षभर वाट पाहून फुललेलं फूल. त्यांनी पहिल्या फुलाची इवली टोपी काडीने उचलली. पिवळे कण काडीला चिकटून आले, मोहरीहूनही लहान. एका फुलाचा पुरला असता. त्यांनी सगळ्या फुलांचा काढला. मग घोस कापून कुंपणावरून पुढे धरला.

"घ्या."

"आता मिटणार ना हा?"

"हो."

बाईंनी हात फडक्याला पुसले आणि घोस अंबाड्यात खोचला. "आजचा दिवस तर निघेल."

मास्तरांनी पत्र लिहिलं, खोडलं, नवा कागद घेतला. शेवटी एवढंच उरलं : 'अम्पाय, पराग पाठवतो आहे. मोजणीची खात्री अजून नाही. फार उशीर झाला असेल तर तसं कळवा.' स्वतः येण्याबद्दलचं वाक्य त्यांना कुठेच बसवता आलं नाही.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकिटावर तिकीट चिकटवलं आणि शिक्का उचलला. जिथे कागदाची घडी फुगली होती, नेमका तिथेच.

"जरा हळू," म्हणत मास्तरांनी घडीवर हात ठेवला. शिक्का त्यांच्या अंगठ्यावरच बसला.

"अहो आजोबा, हात काढायचा ना. लागलं का? एवढं काय आहे आत?"

मास्तरांनी विचार केला. "नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, बाजूला नीट दुसरा शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकलं.

मास्तर बाहेर उन्हात आले. अंगठ्यावर आजची तारीख उमटली होती. शाई ओली होती. अंगठा बाकीच्या बोटांपासून दूर धरून ते घराकडे चालू लागले.