अडीच रुपयांची अर्धी नोट

जर्मनच्या लढाईत चांदी आटली, तेव्हा एकोणीसशे अठरा साली सरकारनं अडीच रुपयांची कागदी नोट काढली. तिचे प्रकार अक्षरावरून आणि सहीवरून ओळखायचे. हे मला कुणी शिकवलं नाही. बाकीच्या बायका लुगडी जमवतात, मी या नोटा जमवते, एवढंच.

चिमाबाई मंगळवारच्या बाजाराला घोंगड्या घेऊन येते. तिचा लेक येडू त्याच लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याला गेला होता. टपालात चोरी होऊ नये म्हणून लोक नोट कापून दोन पत्रांतून धाडत, तशी त्यानं अडीचची नोट धाडली. पहिलं अर्धं आलं. दुसरं तेरा वर्षांत आलं नाही, आणि तोही नाही.

तिनं ते अर्धं मला दाखवलं, पण सही हरवलेल्या अर्ध्यावर होती. म्हणून मी नुसतं माप लिहून ठेवलं, चार बोटं.

दिवाळीला ते साडेचार भरलं. मी चष्म्याला दोष दिला. संक्रांतीला पाच भरलं, आणि कडेला सहीचं पहिलं अक्षर दिसत होतं.

"कुणाकडून जोडून घेतलंस का गं?"

"न्हाय वो बाई. येतोय की त्यो, हळूहळू."

"बसऱ्याहून चालत?"

"मेंढरांमागं चालायची सवय हाय त्याला."

काल सही पुरी झाली होती. कापलेली कड ओली होती, तिला मातीचा वास होता. मी नोट उजेडाला धरायला गेले, तर ती हलेना. पलीकडून कुणी धरल्यासारखी ताणली गेली.

चिमाबाईनं माझं मनगट हलकेच दाबलं.

"वढू नका बाई," ती म्हणाली. "बावरंल त्यो."