चौथ्यांदा तेच कडवं

स्तोत्राचं शेवटचं कडवं तिसऱ्यांदा सुरू झालं, तरी लुपे ताटासमोरच उभी होती.

गावाची रीत अशी, की अर्पणाच्या रविवारी एकेक घर पुढे येतं आणि चर्चमधल्या मेजावरच्या ताटात आपलं दान ठेवतं. त्या घराच्या गेल्या वर्षीच्या आकड्याला यंदाचा आकडा शिवला की मेजामागचा माका हात वर करतो. हात वर झाला की गाणं थांबतं. तोवर थांबत नाही.

लुपेने चाळीस पांगांच्या नोटा ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी नवरा होता, तेव्हा चारशे ठेवले होते.

तिची चुलतवहिनी नाचत पुढे आली, ताटात पाचाची नोट टाकली, लुपेच्या गालाला गाल लावून परत गेली. एरवी अशा वेळी कमी पडलेल्यात भर घालायला अर्धं चर्च उठलं असतं. आज कोणी उठलं नाही. लुपेने शुक्रवारी बँकेतून अठराशे पांगा काढले, हे शनिवारी सकाळी माकाच्या दुकानात पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. पाकीट कुठे आहे हेही लोक ओळखून होते. चर्चला येताना रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटईच्या घडीत. ताडपत्रीखालच्या घरात बाई पैसे ठेवणार तरी कुठे?

छप्पर मार्चच्या वादळात उडालं होतं. आता नोव्हेंबर लागला होता, वादळांचे दिवस पुन्हा दारात आले होते. उद्या सोमवारी बोट येणार होती, आणि तिच्यावर लुपेच्या छपराचे पत्रे होते. अठराशे त्यांच्यासाठीच होते.

गाणं मात्र असं चाललं होतं, की ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मिटावेत. पुरुषांचा खर्ज जमिनीतून वर येत होता आणि बायकांचे सूर त्यावर अलगद पाय ठेवून चढत होते. लहानपणापासून हे स्तोत्र लुपेचं आवडतं. आज तेच तिला मागून ढकलत होतं.

पुढच्या बाकावर फुसीआत्या बसली होती. आत्या म्हणजे घराण्यातला शेवटचा शब्द. ती हसतच होती, पण आवाज तीन बाकांना ऐकू जाईल एवढा.

"एवढं लपवून ठेवलंस ते कोणापासून गं, पोरी? देवापासून, का माझ्यापासून?"

दोघी-तिघी तोंडाला पदरासारखा पंखा लावून हसल्या.

माका हसला नाही. मेजावर सगळ्यांत आधी त्याचेच पाच हजार पडले होते आणि त्याच्यासाठी एकच कडवं लागलं होतं. माणूस वाईट नव्हता. वादळानंतरचे आठ दिवस त्याने दुकानातला पाव फुकट वाटला होता. तो लुपेकडे ओणवून समजुतीने म्हणाला, की दिलेलं कुठे जात नाही, आणि घरावरचं छप्पर शेवटी देवच सांभाळतो. त्याचं स्वतःचं घर सिमेंटचं होतं, पण ते त्याच्या मनात आलंच नसावं.

कडवं संपलं. माकाचा हात मेजावरच होता. चौथ्यांदा सुरू झालं.

गाणं चालवत होता सेमिसी, लुपेचा धाकटा भाऊ. तोंड गाणाऱ्यांकडे, अधूनमधून खांद्यावरून एक नजर माकाच्या हातावर. गावच्या रीतीत बहिणीचा मान भावाहून वरचा. तिच्या घरात पाऊल टाकायचं नाही, तिच्या अडचणीवर तिच्यासमोर तोंड उघडायचं नाही, हे पाळत तो पन्नाशीला आला होता. आजही त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पण समोर गाणाऱ्या बायकांच्या नजरा एकदम खाली उतरल्या, कोणाच्या तरी कमरेपाशी थांबल्या, आणि मागे काय चाललंय ते त्याला कळलं.

लुपेचा हात चटईच्या घडीत गेला होता. पाकिटाचा कोपरा बाहेर आला.

सेमिसीने उजवा हात उंच नेला आणि हवेतच मूठ मिटली.

ओळीच्या मध्यावर, शब्द अर्धा असताना, साठ माणसं एकदम गप्प झाली. मागचा एक खर्ज दोन सूर पुढे गेला आणि ओशाळून थांबला.

माका गोंधळून म्हणाला, "सेमिसी, अजून झालं नाही रे."

सेमिसी वळला नाही. मूठ वरच होती.

"माझ्या बहिणीचं गाणं झालं," तो म्हणाला. "आकडा वाच."

आत्याचा पंखा थांबला. पाळकांनी डोळे मिटून घेतले. प्रार्थना करत होते की नजर चुकवत होते, सांगता येणार नाही. माकाने ताटाकडे पाहिलं, सेमिसीच्या पाठीकडे पाहिलं. मग घसा साफ करून त्याने माइक तोंडाशी नेला.

"लुपे. पंचेचाळीस पांगा."

टाळी कोणी वाजवली नाही. लुपेने कोपरा आत सारला आणि रिकामा हात बाहेर काढला.

चर्चच्या खिडक्या उघड्या होत्या. सकाळपासून गाण्याखाली दबलेला एक आवाज आता आत येऊ लागला. रस्त्यापलीकडे लुपेच्या घरावरची निळी ताडपत्री वाऱ्याने उचलली जात होती आणि आपटत होती, उचलली जात होती आणि आपटत होती. पुढच्या घराचं नाव पुकारायचं होतं. माका माइक हातात धरून खिडकीकडे पाहत राहिला.