न मोडलेली घडी

बायकोच्या नाकामागच्या गाठीवर प्रोटॉन किरणांचे उपचार चालू होते. तिला कधी तो आणायचा, कधी मेव्हणी. बायको वाट मेव्हणीचीच बघायची, आणि याच्या पोटात दुखायचं. आज डॉक्टरबाईंनी त्याला आणि मेव्हणीला बोलावून स्कॅनची चित्रं दाखवली आणि मेव्हणीला म्हणाल्या, "हे किरण ठरल्या खोलीवर जाऊन थांबतात. जिथं थांबतात तिथं स्कॅनमध्ये थोडा वेळ ठिपका उजळतो. हे आणतात तेव्हा तो गाठीवर असतो. तुम्ही आणता तेव्हा गाठीच्या अलीकडेच." त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "नाक आतून सुजलं की किरण आधीच अडतात. येताना त्या रडतात का?" "माझ्यासमोर तिनं डोळ्यांतून टिपूसही काढलेलं नाही," तो ऐटीत म्हणाला. मेव्हणीनं हातातला ओलाचिंब रुमाल पर्समध्ये कोंबला. "मग उरलेले दिवस तुम्हीच आणा," डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या. हेच तर त्याला हवं होतं. बायकोसाठी रोज खिशात आणलेला रुमाल त्यानं चाचपला. घडी मोडलेली नव्हती.