ढगाची काळी कड

"येतोय का हो तो?" कुमुदताईंनी दर महिन्यासारखं विचारलं. नवरा घर सोडून गेल्याला चार वर्षं झाली होती.

मी भविष्य सांगायच्या लेनोर्मां पत्त्यांतली तीन पानं ओळीत मांडली: पुरुष, ढग, स्त्री. ढगाची एक कड काळी असते, दुसरी उजळ. काळी कड ज्या पानाकडे, त्रास त्याला. आज ती स्त्रीकडे होती. मी उगाच चष्मा पुसत बसले.

"बोला हो, मी काही रडणार नाही."

"ते मजेत आहेत, ताई. अंधार तुमच्या बाजूला आहे."

त्यांनी स्त्रीचं पान उचललं आणि ढगापासून लांब, माझ्या चहाच्या बशीपाशी ठेवलं.

"अहो, मांडलेली पानं हलवायची नसतात!"

"तुम्ही नका हलवू. माझं पान मी हलवलं."

जाताना त्यांनी पुढच्या महिन्याची वेळ मागितली नाही.