बाईंचा आवाज

तालुक्याच्या शिक्षक-प्रशिक्षणात पडद्यावर गणिताचा व्हिडिओ सुरू झाला आणि ठोंबरेबाई दचकल्या. भाकरीचे चार तुकडे करणारे ते हात त्यांचेच होते. शाळेत दोन डब्यांना मोबाइल टेकवून त्यांनीच तो पाठ चित्रित करून तालुक्याला पाठवला होता. आवाज मात्र कुणा परक्या बाईचा होता.

त्या उभ्या राहून व्हिडिओ दाखवणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "साहेब, माझा आवाज का काढला?"

"भाषा फार गावठी होती हो, बाई," साहेब हसले. "आता कसं शुद्ध वाटतं!"

"माझी पोरं त्याच भाषेत अपूर्णांक शिकली!"

बाईंनी मूळ व्हिडिओ लावून मोबाइल माइकपुढे धरला. "एक तुकडा तुले देला, तं मायाजवळ किती राह्यले?"

साहेबांनी घाईघाईनं माइक बंद केला. तेवढ्यात मागून एक वयस्क गुरुजी ओरडले, "बाई, आमाले हाच पाठवा!"