हाकेला ओ

“मावशी, आईनं तुला हाक मारली होती का?”

अश्विनीनं एकदम विचारलं तेव्हा द्रौपदाबाईंच्या हातात टोमॅटोचा क्रेट होता. तो त्यांनी खाली ठेवला.

अश्विनीची आई, प्रयागबाई, जाऊन अकरा दिवस झाले होते. बांधाच्या पलीकडं, स्वतःच्याच झेंडूत ती पडली होती. दुखणं नाही, खुपणं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

ती आणि द्रौपदाबाई, दोघी मूळच्या मढ गावच्या. एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. लग्नंही दोघींची येडगावातच झाली आणि रानं बांधाला बांध लागून आली. गावात सगळे द्रौपदाबाई म्हणत. द्रुपे म्हणणारी एकटी प्रयागच.

पहिल्या दिवसापासून द्रौपदाबाईंनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं: मी वाकून टोमॅटोचा तोडा करत होते, मला काही कळलं नाही. पण आता अश्विनी समोर उभी होती. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. ते कोरडे डोळे द्रौपदाबाईंना बघवेनात.

“मारली व्हती,” त्या म्हणाल्या. “एकदाच. मला वाटलं, च्याला बोलावतीया. म्हनलं, एवढी सरी उरकून जावं. गेले तवा ती पडलेली. माज्या रानाकडं तोंड करून.”

“तू ओ दिलीस?”

त्या वेळी तोंडात मिश्री होती. बोलायचं तर आधी थुंकावं लागलं असतं. आणि हाक रोजच्यासारखीच वाटली होती.

“दिली,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “आले गं, म्हनलं.”

अश्विनी तिथंच बांधावर बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “म्हणजे तू येतीयस हे तिला कळलं होतं. मावशी, एवढं अण्णांना सांग. ते कुणाशी बोलतच नाहीत. नुसते भिंतीकडं तोंड करून पडून असतात.”

द्रौपदाबाई तिच्यामागं घरी गेल्या.

अश्विनीचे वडील, गेणूअण्णा, पडवीत घोंगडीवर पडून होते. द्रौपदाबाईंना बघून उठून बसले. अश्विनी चहा ठेवायला आत गेली. द्रौपदाबाईंनी खांबापाशी बसून सगळं सांगितलं. हाक, सरी आणि ओ. दुसऱ्यांदा सांगताना जीभ अडखळणार नाही असं त्यांना वाटलं होतं. ती जास्तच अडखळली.

गेणूअण्णा भिंतीकडं बघत हळू आवाजात म्हणाले, “मी खाली मोटरीपाशी व्हतो. लाईट गेलेली. पार पान्यावरल्या पाखरांचं सुदीक ऐकू येत व्हतं. हाक मलाबी आली.”

द्रौपदाबाईंनी मान खाली घातली.

“ओ काय आली न्हाई,” ते म्हणाले.

“दाजी...”

“मलाबी जाता आलं असतं, बाई. लांब न्हवतो मी. पन तिनं नाव तुमचं घेतलं. म्हनलं, मैत्रिनी-मैत्रिनींचं कायतरी असंल. बसलो तिथंच, वायर गुंडाळीत.”

आत कपबशा वाजल्या. अश्विनी चहा घेऊन बाहेर आली. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण अकरा दिवसांत पहिल्यांदाच तो निवलेला दिसत होता.

“अण्णा, सांगितलं ना मावशीनं?”

गेणूअण्णांनी कप हातात घेतला. चहा बशीत ओतला.

“सांगितलं,” ते म्हणाले. “मीबी ऐकली की ती ओ. चांगली मोठ्यांदी दिली व्हती.”