आली का गोळी?

बाबांची अ‍ॅसिडिटीची गोळी बाजारातून गायब झाली आणि आमच्या घरात खोटं बोलायची सोयच उरली नाही.

खरंच सांगते! सकाळी उपाशीपोटी ती गोळी पोटात जात होती, तोवर बाबा शांत असायचे. आता समोर कुणी थाप मारली, की त्यांच्या छातीत जळजळ उठते आणि घर दणाणून सोडणारा ढेकर येतो. "माझा अभ्यास झाला," मी म्हटलं. ढेकर! "ट्रॅफिक होतं म्हणून उशीर झाला," दादा म्हणाला. दोन ढेकर! आत्या आली आणि आईला म्हणाली, "अगं, किती बारीक झालीस तू!" बाबांना धरून खुर्चीत बसवावं लागलं.

तेवढं सोडलं तर आई भलतीच खुशीत होती. आल्यागेल्याला ती मुद्दाम बाबांच्या शेजारी बसवायची. बाबांचे मात्र हाल हाल. तिखट बंद, चहा बंद, आणि आडवं झालं की आंबट पाणी घशाशी, म्हणून तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोप.

रोज संध्याकाळी आई औषधांच्या दुकानात चौकशी करून यायची. काल ती दारात चपला काढत होती, तेवढ्यात बाबांनी केविलवाण्या आवाजात विचारलं, "आली का गं गोळी?"

"छे हो, कुठली यायला! महिनाभर तरी नाही म्हणाला तो."

बाबांचा ढेकर तळमजल्यापर्यंत ऐकू गेला. मग मी, दादा आणि बाबा, तिघंही आईच्या पर्सकडे बघायला लागलो.